किलिमांजारोस जाण्यापूर्वी

गेल्या अक्षय्य तृतीयेची गोष्ट. रात्रीचीं जेवणें आटोपून घरांतील सर्व मंडळी माजघरांत जमली होती. आई झोपाळ्यावर बसली होती, दादा वर्तमानपत्र चाळीत होते, वहिनी दुसऱ्या दिवशींची गवार निवडीत होत्या. इतक्यांत दादांची थोरली मुलगी पुढें येऊन म्हणाली, "आजी, येत्या जानेवारींत मी आफ्रिकेला जाणार आहें. तेथें किलिमांजारो नांवाचा ज्वालामुखी पर्वत आहे. त्यावर चढावयाचें मनांत आहे. बरोबर माझ्या तीन मैत्रिणी आहेत."

वहिनींच्या हातांतील गवार हातांतच राहिली. दादांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. मुलगी 27 वर्षांची. येथीलच एका कन्याशाळेंत भूगोल शिकविते. खर्च स्वतःच्या पगारांतून साठविलेला. तेव्हां 'जाऊं नकोस' म्हणण्यास कोणास सबळ कारण सांपडेना. अखेर वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा तिला. तुम्ही गेलां होतां ना तेथें? तुमच्यासारखा पट्टीचा चालणारा माणूस शिखर न गांठतां परत आला, तेथें हिचा काय पाड?"

सात वर्षांपूर्वीं मी त्या पर्वतावर गेलों होतों व शिखर न गांठतां परतलों होतों, हें खरें. 'हवा बिघडली म्हणून फिरावें लागलें' असें मीं घरीं सांगितलें होतें. तें मात्र खरें नव्हतें. हवा उत्तम होती, आकाशांत ढगहि नव्हता. बिघडलों होतों तो मी. त्या रात्रीं, सात वर्षांनीं, मीं प्रथमच सर्वांसमक्ष खरी हकीकत सांगितली. ती ऐकून घरांत जें बोलणें झालें व त्यानंतर जी तयारी सुरू झाली, तिचा वृत्तान्त इतर घरांतील वडील मंडळींस व तरुणांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो येथें देत आहें.

पर्वत कसा आहे

किलिमांजारो हा टांझानिया देशांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें तीन अंशांवर आहे. त्याची उंची 5,895 मीटर, म्हणजे 19,341 फूट. आफ्रिका खंडांत ह्याहून उंच स्थळ नाहीं. वस्तुतः तो एक पर्वत नसून शिरा, मावेन्झी व किबो ह्या तीन ज्वालामुखींचा समूह आहे. पहिले दोन कायमचे विझलेले आहेत. किबो हा सर्वांत उंच. तो केवळ निजलेला आहे असें शास्त्रज्ञ मानतात. त्याच्या विस्तीर्ण मुखाच्या आंत आणखी एक लहान मुख असून तेथून अद्यापि गंधकाची वाफ निघते. मात्र मानवी इतिहासांत त्याचा मोठा उद्रेक झाल्याची नोंद नाहीं. तेव्हां चढणाऱ्यास भय असतें तें अग्नीचें नव्हे, तर थंडीचें व विरळ हवेचें.

ज्वालामुखी म्हटला कीं आपणांस तो परका वाटतो. परंतु आपण सर्व कोल्हापूरकर लाव्हारसाच्याच थरांवर राहतों. सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीस भेगा पडून तप्त रस वाहिला व त्याचे थरावर थर बसले. पन्हाळ्याचे कडे, जोतिबाचा डोंगर, अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण हीं सर्व त्याचींच रूपें. फरक इतकाच कीं आपल्याकडे तो रस भेगांतून पसरला, म्हणून आपले डोंगर माथ्यावर सपाट. तेथें तो एकाच ठिकाणाहून वारंवार उसळून सांचत गेला, म्हणून तो पर्वत शंकूसारखा वर गेला. पुतणी आपल्या विद्यार्थिनींस हा फरक दरवर्षीं फळ्यावर काढून दाखविते. तो एकदां डोळ्यांनीं पाहावा, हेंच तिच्या जाण्याचें मूळ कारण.

1848 सालीं रेबमान नांवाच्या एका जर्मन मिशनऱ्यानें ह्या पर्वताच्या माथ्यावर बर्फ आहे असें लिहून कळविलें, तेव्हां विषुववृत्ताजवळ बर्फ कोठून येणार म्हणून युरोपांतील विद्वानांनीं त्याची थट्टा केली. पुढें हान्स मायर ह्या जर्मन भूगोलज्ञानें 1887 सालीं चढण्याचा प्रयत्न केला. बर्फाची भिंत आडवी आल्यानें त्यास परतावें लागलें. 1888 सालीं तेथील बंडाच्या धामधुमींत तो कैदेंत सांपडला. 1889 सालीं तो तिसऱ्यांदा गेला व लुडविग पुर्टशेलर ह्या सोबत्यासह शिखरावर पोंचला. ज्या मनुष्याचें नांव ह्या पर्वताशीं जोडलें गेलें, तो दोनदां परतला होता. ही गोष्ट मला त्या वेळीं ठाऊक होती. पण ठाऊक असणें निराळें व अंगीं मुरणें निराळें.

माझी चूक

माझें वय त्या वेळीं 51 होतें. जोतिबास पायीं जाणें, रांकाळ्यास रोज दोन फेऱ्या, ह्या संवयीमुळें पायांचा मला मोठा अभिमान होता. एक दिवस वांचला म्हणजे पैसेहि वांचतात, ह्या हिशेबानें मीं मारांगूच्या वाटेनें पांच दिवसांचा बेत स्वीकारला. त्यांत पहिली रात्र 8,900 फुटांवर, दुसरी 12,200 फुटांवर व तिसरी एकदम 15,500 फुटांवर. आपल्या सबंध महाराष्ट्रांतील सर्वांत उंच जें कळसूबाई, तें 5,400 फूट; म्हणजे दोनच दिवसांत मी त्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर निजलों होतों.

दुसऱ्या रात्रींच माझें डोकें ठणकूं लागलें. वाटाड्यानें विचारलें, "डोकें दुखतें का?" मीं म्हटलें, "मुळींच नाहीं." बरोबरचे दोघे माझ्याहून वयानें लहान होते, त्यांच्यादेखत कबूल करण्याची मला लाज वाटली. तिसऱ्या दिवशीं अन्नावरील वासना गेली. दुपारीं एका खडकाआड जाऊन ओकलों व तोंड पुसून पुन्हां रांगेंत येऊन मिळालों. मध्यरात्रीं शिखराकडे निघावयाचें होतें. बुटांचे बंद बांधावयास बसलों, तों बोटांस गांठ घालतां येईना. उभा राहिलों, तों मद्यपि मनुष्यासारखा झोक जाऊं लागला. वाटाड्यानें बत्ती जमिनीवर रोखून एक रेघ ओढली व टांचेपुढें पाऊल टेकीत तीवरून चालावयास सांगितलें. चार पावलेंहि मला सरळ टाकतां आलीं नाहींत. त्यानें एक शब्दहि न बोलतां माझी पिशवी उचलली व दुसऱ्या एका माणसाच्या मदतीनें मला काळोखांतच खालीं आणलें. पहांटे 12,200 फुटांवर आलों तेव्हां डोकें निवळलें होतें व मला भूक लागली होती.

मेंदूस सूज येण्याची ती सुरुवात होती, असें मागाहून मला कळलें. आणखी कांहीं तास वर राहिलों असतों, तर हा लेख लिहावयास मी उरलों नसतों.

इतकें सांगून झाल्यावर माजघरांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. वहिनींना वाटलें होतें कीं माझी हकीकत ऐकून मुलगी बेत सोडील. पण आईनें विचारलें तें निराळेंच. ती नातीला म्हणाली, "वर काय आहे ग?"

"एक लांकडी पाटी आहे, आजी. शिखराचें नांव लिहिलेली."

"ती पाटी पुढच्या वर्षीं तेथेंच असते ना?"

"असते."

"मग डोकें दुखलें कीं खालीं ये. पाटी कोठें पळून जात नाहीं. आणि तुझ्या काकासारखें हवेवर ढकलूं नकोस. रोज संध्याकाळीं काय दुखतें, काय नाहीं, तें बरोबरच्यांना खरें सांगावयाचें. एवढें कबूल असेल तर जा."

पाय कोल्हापुरांत तयार होतात

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली. आठ महिने हातांत होते, आणि अशा चढाईस सहा महिन्यांची तयारी पुरेशी होते.

पहिले दोन महिने रोज सकाळीं पाऊण तास झपाट्यानें चालणें व आठवड्यांतून एकदां जोतिबाचा डोंगर चढणें, एवढाच क्रम ठेवला. चालतांना पूर्ण वाक्य बोलतां आलें पाहिजे, ही कसोटी. धाप लागून शब्द तुटूं लागले, तर वेग अधिक झाला असें समजावें. तरुणांचा ओढा धांवण्याकडे असतो. परंतु किलिमांजारोवर धांवावयाचें नसतें. तेथील वाटाडे पावलोपावलीं 'पोले पोले' म्हणत असतात, म्हणजे सावकाश, सावकाश. चैत्री यात्रेंत सासनकाठी घेऊन जोतिबास येणारे लोक ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगणें नको. काठी जितकी उंच, तितकें पाऊल बेताचें. खांदेकरी वेळींच बदलतात, म्हणूनच ती देवळापर्यंत पोंचते.

तिसऱ्या महिन्यापासून पाठीवर पांच किलोंचें ओझें घेतलें व तें हळूहळू आठ किलोंवर नेलें. आठवड्यांतून दोन दिवस उठाबशा व जिन्याच्या पायऱ्या. त्यांतहि चढण्यापेक्षां उतरण्याकडे अधिक लक्ष. चढतांना छाती दमते, पण उतरतांना गुडघे मोडतात. आणि शिखरावरून त्याच दिवशीं सात-आठ हजार फूट खालीं यावयाचें असतें. रविवारीं कोल्हापुराहून पन्हाळ्यास पायीं जाणें हा सुमारें 20 किलोमीटरांचा उत्तम पाठ आहे.

जुलै महिन्यांत पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे पायीं जाणाऱ्या मंडळींत ती सामील झाली. 1660 सालच्या जुलै महिन्यांतील त्या रात्रीं शिवाजीमहाराज पन्हाळ्याच्या वेढ्यांतून निघून ज्या वाटेनें विशाळगडास गेले व जिच्यावर बाजीप्रभूंनीं देह ठेविला, ती ही वाट. दरवर्षीं त्या स्मरणार्थ शेंकडों लोक तीवरून जातात. मसाई पठारावरील वारा व पाऊस, घोट्याइतका चिखल, ओले मोजे व दुसऱ्या दिवशीं आंबलेल्या पायांनीं पुन्हां उठून चालणें. ह्या शेवटच्या गोष्टीचा सराव कोणत्याहि व्यायामशाळेंत होत नाहीं. त्या वाटेवर तिच्या टांचेस फोड आला व नवे बूट अर्धा आंकडा लहान आहेत हें उघडकीस आलें. तें पावनखिंडींत कळलें हें बरें झालें; किलिमांजारोवर कळलें असतें तर इलाज नव्हता.

कस्तुरी सावेकर ह्या कोल्हापूरच्या कन्येनें 2022 सालीं एव्हरेस्ट सर केलें, तेव्हांपासून येथील मुलींच्या ह्या चालण्याकडे लोक कौतुकानें पाहूं लागले आहेत. पूर्वीं 'कोठें निघालीस ग एकटी?' असें विचारणारे शेजारी आतां 'किती किलो घेतलेंस?' असें विचारतात.

विरळ हवा

परंतु पाय कितीहि तयार केले तरी कोल्हापुरांत तयार होऊं शकत नाहीं अशी एक गोष्ट आहे, आणि मी फसलों तो तेथेंच. पन्हाळा सुमारें 3,100 फूट, कळसूबाई 5,400 फूट. सह्याद्रींत विरळ हवेचा अनुभव मिळतच नाहीं. उंचावर प्राणवायूचें प्रमाण कमी होतें असें आपण म्हणतों. वस्तुतः तें शेंकडा 21 च्या सुमारासच राहतें. कमी होतो तो हवेचा दाब. किलिमांजारोच्या माथ्यावर तो समुद्रकांठच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणून प्रत्येक श्वासांत प्राणवायूहि निम्माच येतो. गृहिणींना हें लवकर समजेल. दाब कमी झाला म्हणजे पाणी लवकर उकळतें. 15,500 फुटांवर तें सुमारें 84 अंशांसच उकळूं लागतें व साध्या पातेल्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं. जी स्थिति डाळीची, तीच देहाची. त्यास अधिक वेळ द्यावा लागतो.

वैद्यकांतील नियम असा कीं 3,000 मीटरांच्या, म्हणजे सुमारें 10,000 फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची उंची रोज 500 मीटरांहून अधिक वाढवूं नये, व तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर थांबावें. किलिमांजारोवर हा नियम तंतोतंत पाळणें कठीण. म्हणून जितके दिवस अधिक, तितकें बरें. पुतणीनें माचामेची वाट सात दिवसांच्या बेतानें निवडली आहे. त्या वाटेवर तिसऱ्या दिवशीं दुपारीं 15,000 फुटांवरील लाव्हा टॉवर नांवाच्या खडकापर्यंत चढून रात्रीं 13,000 फुटांवर उतरून निजतात. दिवसा उंच चढावें व रात्रीं खालीं निजावें, म्हणजे देह हळूहळू शिकतो. शिवाय ऑक्टोबरच्या सुट्टींत हिमालयांत केदारकंठ्यास, सुमारें 12,500 फुटांपर्यंत, जाऊन यावयाचें ठरलें आहे. उंचीवर आपली प्रकृति कशी वागते हें आधीं कळावें एवढाच त्यांत हेतु.

लक्षणें घरांतील प्रत्येकास पाठ असावींत. डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणें, झोंप न येणें, ही पहिली पायरी. तेथें थांबावें, वर जाऊं नये. झोक जाणें, बोलण्यांत असंबद्धता येणें, अथवा बसल्या जागीं धाप लागून खोकला येणें, ही दुसरी. तेथें क्षणाचाहि विलंब न लावतां, रात्र असली तरी खालीं उतरावें. ॲसिटाझोलामाइड नांवाचें औषध शरीरास ह्या उंचीची संवय लवकर करून देतें. परंतु तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावें, व सल्फा औषधें ज्यांना सोसत नाहींत त्यांनीं तसें आधीं सांगावें. औषध घेतलें म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळत नाहीं. रक्तदाब, हृदय व रक्तांतील लोह ह्यांची तपासणी निघण्यापूर्वीं तीन महिने करावी. हिच्या रक्तांत लोह कमी निघालें. औषध व आहार ह्यांनीं तें आतां भरून येत आहे. पायथ्याशीं हिवतापाचें भय असतें. त्याची तजवीज व लशींचे नियमहि डॉक्टरांस विचारून घ्यावे. विमा उतरवितांना 6,000 मीटरांपर्यंतची चढाई त्यांत आहे कीं नाहीं, हें वाचून पाहावें.

कपडे व शिधा

कपड्यांत एकच तत्त्व: एक जाड कपडा घालण्यापेक्षां तीन पातळ घालावे. आंतील घाम शोषून बाहेर टाकणारा, मधला ऊब राखणारा, वरचा वारा व पाऊस अडविणारा. अंगालगत सुती कपडा नको. तो ओला झाला कीं वाळत नाहीं व अंग गारठतें. शिखराच्या रात्रीं तपमान शून्याखालीं 10 ते 20 अंश असूं शकतें. चढ मध्यरात्रीं सुरू करतात, कारण राखेची व खडीची भुसभुशीत चढण तेव्हां थंडीनें थिजलेली असते. दिवसा तीच पायांखालून घसरते. तेव्हां बत्ती, तिचे जादा सेल, कानटोपी व दुहेरी हातमोजे हे चैनीचे पदार्थ नव्हेत.

उंचीवर पोट रुसतें. म्हणून तिखट, तळलेलें टाळून ओळखीचें अन्न न्यावें. मेतकूट-भात हें आपलें आजारपणांतील अन्न तेथें अमृत ठरतें. राजगिऱ्याचे लाडू, गुळपापडी, शेंगदाण्याची चिक्की, सुंठ व आवळासुपारी बरोबर असावी. कोल्हापूरचा गूळ तर असावाच. भूक नसली तरी थोडें थोडें खावें व दिवसाकांठीं तीन ते चार लिटर पाणी प्यावें. स्त्रियांची मासिक पाळी उंचीवर मागेंपुढें होण्याचा संभव असतो. त्याचें सामान न विसरतां घ्यावें. टांझानियांत 2019 सालापासून प्लास्टिकच्या पिशव्यांस बंदी आहे, हेंहि सामान बांधतांना ध्यानांत ठेवावें.

ओझीं वाहणारे

वाटाड्यावांचून ह्या पर्वतावर जाण्यास परवानगीच नाहीं. चार जणींबरोबर वाटाडे, आचारी व हमाल मिळून दहा-पंधरा माणसें तरी जातील. ह्यांतील पुष्कळ जण पर्वताच्या पायथ्याशीं केळी व कॉफी पिकविणाऱ्या चागा लोकांपैकीं असतात. प्रत्येक हमालावर 20 किलोंहून अधिक ओझें घालूं नये असा नियम आहे. परंतु जेथें पाहुणे पैशांची घासाघीस करतात, तेथें तो मोडतो व भोगावें लागतें हमालास. स्वस्तांत स्वस्त बेत मीं निवडला, तेव्हां काटकसर कोणाच्या पोटांतून झाली हें मीं विचारलें नाहीं. ज्यानें मला पाठीशीं धरून खालीं आणलें, त्याच्या पायांत त्या थंडींत जुने कापडी बूट होते. पुतणीनें ठरविलें आहे कीं एक दिवस अधिक द्यावयाचा, मजुरी नीट देणाऱ्यांबरोबरच जावयाचें व बक्षिसाची रक्कम आधींच निराळी काढून ठेवावयाची. एका लग्नांतील एका पंगतीहून हा जादा खर्च अधिक नाहीं.

तेथील लोकांशीं बोलतां यावें म्हणून ती थोडी स्वाहिली शिकत आहे. जेथून शिखरासाठीं निघावयाचें, त्या मुक्कामाचें नांव बाराफू. त्याचा अर्थ बर्फ. आपला 'बर्फ' व त्यांचा 'बाराफू' दोन्ही फारशीच्याच घरचे. गाडीस ते 'गारी' म्हणतात. हें ऐकून आईला तो देश एकदम जवळचा वाटूं लागला आहे. बर्फाची स्थिति मात्र शोचनीय. 1912 सालापासून त्या माथ्यावरील 80 टक्क्यांहून अधिक बर्फ नाहींसें झालें आहे. पुतणीच्या विद्यार्थिनी मोठ्या होऊन जातील, तेव्हां त्यांना तें दिसेल कीं नाहीं कोण जाणे.

आतां पावसाळा सरत आला आहे. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आमच्या ओसरीवर एक नवाच खेळ चालतो. फरशीच्या सांध्यावरून टांचेपुढें पाऊल ठेवीत सरळ चालावयाचें; आधीं पुतणी, मागून घरांतील मुलें, आणि कधींकधीं काठी बाजूला ठेवून 86 वर्षांची आईहि. त्यानंतर 'आज काय दुखलें?' असा प्रश्न होतो व प्रत्येकानें खरें सांगावयाचें असतें. ह्या प्रश्नामुळें दादांची कित्येक वर्षांची पाठदुखी घरांत प्रथमच कळली.

वहिनींनीं अजून तोंडानें 'जा' म्हटलेलें नाहीं. मात्र लोकरीची कानटोपी त्यांनीं विणून पुरी केली आहे, आणि गेल्या महिन्यापासून सकाळीं साडेपांचास मुलीबरोबर रांकाळ्याच्या फेरीस त्याहि निघतात. सोबत म्हणून येतें, असें त्या सांगतात. काल मीं पाहिलें, तों त्यांच्याहि पाठीवर लहानशी पिशवी होती.